ओपन सोर्समधे घुसायचंय? मग दोन महिने नाही, दोन-तीन वर्षं डोक्यात ठेवा

परवा धुळ्याहून एका पोराचा फोन आला, थर्ड इयरला आहे, थेट अहिराणीतच सुरू झाला, "दादा, कोनता प्रोजेक्ट लेऊ? दोन महिनामा व्हई जाई ना?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, त्यातलं काम प्लेसमेंटच्या आधी रेझ्युमेवर टाकायचं होतं त्याला. मी म्हटलं दोन महिन्यात एखादा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे "माझा बदल घ्या" अशी विनंती) मर्ज होईल, म्हणजे मूळ कोडमधे घेतला जाईल, तोही नशीब बरं असलं तर, पण तुला जे पाहिजे ते त्यातून मिळणार नाही. मग तासभर बोललो, त्याने बरंच लिहून घेतलं, तेच इथं जरा नीट टाकतोय म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

माझं आधी सांगतो. मी जळगावला एका छोट्या कंपनीत आहे, केळी आणि कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. एका ओपन सोर्स स्प्रेडशीट लायब्ररीत (एक्सेलसारख्या फाइली बनवणारा तयार कोड) सहा वर्षांपासून थोडं थोडं काम करतो. लायब्ररीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली जे किस्से आहेत त्यातले निम्मे माझ्या चुकांचे आहेत आणि बाकीच्या निम्म्यात दुसरी माणसं येतात.

आधी प्रोजेक्ट, पण शोधू नका

सगळे "बिगिनर्ससाठी बेस्ट प्रोजेक्ट" शोधत बसतात. त्यापेक्षा तुम्ही रोज जे वापरता त्याची डिपेंडन्सी लिस्ट, म्हणजे ते ज्या बाहेरच्या लायब्ररींवर चालतं त्यांची यादी, उघडा, त्यातलं काहीतरी तुम्हाला कधी ना कधी चावलेलं असणारच. मला जे चावलं ते सांगतो. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा फोन आला की पावतीच्या एक्सेलमधे रक्कम १,२३४,५६७ अशी येतेय, "हे कोणतं गणित भाऊ, बारा लाख आहेत का बारा हजार?" लायब्ररी तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देत होती, आपल्याकडे शेवटचे तीन आणि मग दोन-दोन, म्हणजे १२,३४,५६७. आम्ही काय केलं, आमच्याच कोडमधे एक जुगाड घातला, आकडा स्ट्रिंग करायचा आणि मागून मोजत स्वल्पविराम घुसवायचे. वर्षभर चाललं. मग लायब्ररीचं नवं व्हर्जन घेतलं आणि जुगाड तुटला, तेव्हा कुठं डोक्यात आलं की हे तिकडंच नीट करायला पाहिजे.

प्रोजेक्ट जिवंत आहे का हे मात्र बघा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्याला स्टार किती आहेत ते बघू नका, त्याचा काही उपयोग नाही. गेल्या दोन-तीन महिन्यात बाहेरच्या माणसाचा, म्हणजे मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) नसलेल्या कुणाचा तरी, पीआर मर्ज झालाय का ते बघा. झाला नसेल तर तुमचाही होणार नाही. "गुड फर्स्ट इश्यू" लेबल लावलेले इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं) असतात, चांगले असतात, पण लोकप्रिय प्रोजेक्टमधे त्यावर पाच-सात जण आधीच "प्लीज असाइन मी" लिहून गायब झालेले दिसतील. लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमधे याच प्रकाराला ईझी हॅक्स म्हणतात आणि ते बऱ्यापैकी नीट लिहिलेले असतात. ज्यांना सी प्लस प्लस येतं त्यांनी तिकडं बघायला हरकत नाही, फक्त तिथं पीआर नसतो, गेरिट नावाच्या सिस्टमवर पॅच, म्हणजे कोडमधला बदल, टाकावा लागतो.

मग वाचायचं, आणि हे कंटाळवाणं आहे

इथं लोक घाई करतात म्हणून मी इथं जास्त बोलणार आहे.

कॉन्ट्रिब्युटिंग नावाची नियमांची फाइल असते, ती वाचा, दहा मिनिटं लागतात. त्यानंतर बंद झालेले पीआर वाचा, मर्ज झालेले पण आणि नाकारलेले तर नक्कीच. नाकारलेल्या पीआरखाली मेंटेनर काय लिहितो त्यावरून कळतं की त्या माणसाला कशाची चीड आहे. आमच्या लायब्ररीत एक बाई आहेत, त्यांना नवीन डिपेंडन्सी आणलेली अजिबात चालत नाही, हे मला सात-आठ नाकारलेले पीआर वाचून कळलं. कुठंही लिहिलेलं नव्हतं.

आणि खरी गंमत इतिहासात असते. गिट म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि कमिट म्हणजे त्यातली एक नोंद. गिट ब्लेम चालवलं की प्रत्येक ओळ शेवटची कुणी आणि कोणत्या कमिटमधे बदलली ते दिसतं. पण ब्लेम बऱ्याचदा फसवतं, कारण मधे कुणीतरी नुसतं फॉरमॅटिंग केलेलं असतं आणि सगळ्या ओळी त्याच्या नावावर दिसतात. तेव्हा गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन एखादा शब्द शोधायचा, म्हणजे तो शब्द कोडमधे पहिल्यांदा कधी आला आणि कधी गेला ते कमिट समोर येतात. मी "ग्रुप साइज"साठी असंच शोधलं आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक कमिट सापडला, मेसेजमधे लिहिलेलं, तूर्तास तीनचेच गट धरले आहेत, पुढे बघू. म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत होतं! कुणी मूर्खपणा केलेला नव्हता, त्या दिवशी त्याला पुढचं करायचं नव्हतं एवढंच. हे कळल्यावर माझ्या इश्यूची भाषाच बदलली, आधी मी "हे चुकीचं आहे" असं लिहायला बसलो होतो, नंतर लिहिलं की त्या कमिटमधे जे पुढे ढकललं होतं ते मी करू का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, करा.

मला हे वाचायला तीन आठवडे लागले, रोज संध्याकाळी जेवणानंतर तासभर. एक ओळही लिहिली नाही त्या काळात. वाया गेले असं त्या वेळी वाटलेलं, पण नंतरच्या सहा वर्षांत तेच वापरतोय.

बिल्ड आणि आपल्याकडचं नेट

मोठी रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड आणि इतिहास, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लोन करायला (उतरवायला) गेलात तर दिवसाचा डेटा पॅक एका दमात संपतो. बरेच जण सांगतात डेप्थ एक देऊन शॅलो क्लोन करा. करू नका, कारण मग इतिहास येतच नाही आणि वर सांगितलेलं ब्लेम-लॉग सगळं बोंबलतं. त्याऐवजी फिल्टरमधे ब्लॉब नन देऊन क्लोन करा, यात कमिटचा सगळा इतिहास येतो, फक्त फाइलींची जुनी रूपं लागतील तेव्हा उतरतात. ब्लेम पहिल्यांदा जरा हळू चालेल, चालू द्या.

बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं काम, रात्री लावा. थट्टा नाही करत, एप्रिल-मे मधे जळगाव-भुसावळकडे दुपारी लॅपटॉपवर मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला घेतला तर पंख्याचा आवाज शेजारच्या घरी जातो आणि प्रोसेसर गरम होऊन स्वतःचा वेग कमी करून टाकतो. लिब्रेऑफिससारखं काही असेल तर साध्या मशीनवर काही तास जातात, तेव्हा रात्री लावायचं आणि झोपायचं. आणि लाइट जाते हे धरून चाला.

बिल्ड करताना तुम्ही कुठंतरी अडकणारच. जिथं अडकलात ते लिहून ठेवा. तुमचा पहिला पीआर तोच आहे.

पहिला पीआर

माझा पहिला पीआर दोन ओळींचा होता, बिल्डच्या माहितीत एक पॅकेज सांगायचं राहिलं होतं ते घातलं. जुना मेंटेनर अशी चूक पकडू शकत नाही कारण त्याच्या मशीनवर ते पॅकेज वर्षानुवर्षं बसलेलंच असतं, नवा माणूसच पकडतो. हा पीआर कोड येतो का हे दाखवायला नसतो, फोर्क (आपली प्रत), ब्रांच (त्यातली वेगळी फांदी), टेस्टची हिरवी टिक, सही वगैरे सगळा रस्ता एकदा चालून बघायला असतो.

पण रीडमीमधे "अमेझिंग प्रोजेक्ट" असा शब्द घालणारा पीआर करू नका. २०२० मधे हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमाच्या टीशर्टसाठी लोकांनी असल्या पीआरचा इतका पाऊस पाडला की मेंटेनर वैतागले, आणि शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टला सामील व्हायचंय त्यांनी आधी होकार द्यायचा. त्यात आपल्या देशातली पोरं बरीच होती अशी चर्चा तेव्हा जोरात झाली, ती अजून लोकांच्या लक्षात आहे, आपलं नाव बघून समोरचा जरा सावध असतो कधी कधी. राग येतो, पण उत्तर एकच, काम नीट पाठवायचं.

कमिट करण्याआधी ईमेल नीट बघा. गिटमधे टाकलेला ईमेल कायमचा सार्वजनिक होतो. गिटहब नो-रिप्लायवाला पत्ता देतं, तो वापरता येतो. कंपनीचा ईमेल तर बिलकुल नको. मी तो घातला होता, नोकरी बदलली, ईमेल गेला, आणि माझे अर्धे कमिट एका नावावर अन् अर्धे दुसऱ्यावर दिसायला लागले. मेलमॅप नावाची फाइल असते रिपॉझिटरीत, त्यात जुना-नवा पत्ता जोडता येतो, तीन वर्षांनी मी तेवढ्यासाठी एक ओळीचा पीआर केला.

खरा पॅच, आणि त्याची झालेली धुलाई

आधी इश्यू, मग फेल होणारी टेस्ट, मग फिक्स. या क्रमात करा. फेल होणारी टेस्ट म्हणजे तुमची तक्रार मशीनला समजेल अशा भाषेत, ती असली की कुणी वाद घालत नाही.

मी आमचाच जुगाड उचलून तिकडं टाकला. भाषा हिंदी किंवा मराठी असेल तर मागून मोजून स्वल्पविराम. माझ्या टेस्ट सगळ्या पास. रिव्ह्यूमधे जर्मनीतल्या एकाने एवढंच विचारलं, उणे दहा लाख टाकून बघितलंत का? टाकलं. आउटपुटमधे उणे चिन्ह, त्याला चिकटून स्वल्पविराम, मग १०,००,०००. कारण मागून दोन-दोन मोजताना उरलेलं एकटं उणे चिन्हही माझ्या कोडला आकडाच वाटत होतं. उणे एक लाख टाकलं असतं तर बरोबर आलं असतं. वर्षभर आम्हाला दिसलं नाही, आमच्या व्यापाऱ्यांच्या पावत्यांत उणे रकमा येतच नव्हत्या बहुतेक.

त्याचा दुसरा प्रश्न आणखी भारी होता, की फक्त हिंदी-मराठीच का? गुजरातीचं काय, बंगालीचं काय, भारतातल्या इंग्लिशचं काय? भाषांची नावं कोडमधे लिहूच नका, जगातल्या लिप्यांचं मानक ठरवणाऱ्या युनिकोडवाल्यांचा सीएलडीआर नावाचा डेटा आहे, त्यात प्रत्येक लोकेलसाठी (भाषा-प्रदेशासाठी) आकड्याचा नमुना दिलेला असतो, तो वाचा. मी बघितलं तर खरंच, मराठीसाठी दोन-दोनचा नमुना तिथं तयार बसलेला, आणि मराठीचे मूळ अंक देवनागरी हेही तिथंच. मी जे चाळीस ओळीत करत होतो ते पंधरात झालं आणि बाकीच्या भाषाही फुकटात मिळाल्या.

पॅच मर्ज व्हायला अकरा आठवडे लागले, पाच वेळा बदलला. पहिल्या दोन रिव्ह्यूनंतर मी खरं सांगतो, दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही, अपमान वाटला. समोरचा कोडबद्दल बोलतोय, तुमच्याबद्दल नाही, हे सगळे सांगतात आणि ते ऐकून काही होत नाही. मला उपयोग झाला तो याचा की प्रत्येक कमेंटखाली नुसतं "केलं" किंवा "हे मला पटत नाही, कारण असं असं" एवढंच लिहायचं ठरवलं. लांबलचक माफी नाही, "रिस्पेक्टेड सर" नाही, तिकडं कुणी सर नसतं, नावाने बोलतात. इंग्लिश कच्चं असेल तर छोटी वाक्यं लिहा, माझं अजून कच्चंच आहे.

थांबायची सवय लावा. युरोपातला माणूस नोकरी करून संध्याकाळी बघतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा-बारा. आठवड्यात उत्तर नाही आलं तर काही बिघडत नाही, दोन आठवड्यांनी एक शांत ओळ टाका. रोज पिंग केलं तर तुमचं नाव बघून माणूस टॅब बंद करतो, हे मी आता दुसऱ्या बाजूने सांगतोय.

कमिट मेसेजबद्दल एक. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत, मग एक रिकामी ओळ, मग "का" ते लिहा. काय बदललं ते डिफमधे (आधी-नंतरच्या फरकात) दिसतंच. गिट मुळात २००५ मधे लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यासाठी) लिहिलं आणि कर्नलवाल्यांचे मेसेज आजही बघण्यासारखे असतात, दोन ओळींच्या बदलाला वीस ओळींचं कारण. आधीच्या कमिटमधली चूक दुरुस्त करत असाल तर ते "फिक्सेस" लिहून त्या कमिटचा क्रमांक देतात, ही सवय कुठंही चालते.

दुसऱ्या वर्षापासून

बहुतेकांचा आलेख इथं सपाट होतो. एक फीचर टाकलं, रेझ्युमेवर आलं, संपलं.

आमच्या धुळ्याकडे पांझरेवर फड ही पाणीवाटपाची पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांची म्हणतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाळीप्रमाणे पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. बंधारा बांधणाऱ्याचं नाव घ्यायला बरं वाटतं, पण पाणी येतं ते पाटातला गाळ काढल्यामुळे. माझ्या दुसऱ्या वर्षाचे कमिट काढून बघितले तर सगळा गाळच आहे. अधूनमधून फेल होणाऱ्या टेस्ट शोधणं, जुने इश्यू नवीन व्हर्जनवर पुन्हा करून बघून "आता होत नाही" म्हणून लिहिणं, चेंजलॉग (बदलांची यादी). कोड फार कमी. पण याच वर्षी मला लायब्ररीचे कोपरे कळले आणि मेंटेनर लोक मला नावाने ओळखायला लागले.

नव्या माणसाला मी हेच सांगतो की आठवड्याला एक जुना इश्यू घ्या आणि तो खरंच होतो का एवढंच तपासा. परवानगी लागत नाही, लाइट गेली तर नुकसान नाही.

तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो, म्हणजे तसं वाटत होतं. माझाच स्वल्पविरामाचा कोड मोठ्या फाइलींवर हळू चालतो अशी तक्रार आली, प्रत्येक सेलसाठी नमुना पुन्हा वाचला जात होता. मी कॅश घातला, म्हणजे एकदा वाचलेलं जपून ठेवायचं, वेग छान वाढला, सगळे खुश. कॅशची किल्ली, म्हणजे जपलेलं कोणतं द्यायचं हे ठरवणारी खूण, मी ठेवली नुसती भाषा. आता मराठीत कुणाला देवनागरी अंक पाहिजेत, कुणाला इंग्लिश अंक पाहिजेत, भाषा एकच. एकाच प्रोग्रॅममधे आधी एक फाइल इंग्लिश अंकांत काढली की पुढची देवनागरीवाली पण इंग्लिश अंकांतच यायला लागली. कुणीतरी गिट बायसेक्ट लावून थेट माझा कमिट शोधला. बायसेक्ट हे भारी हत्यार आहे, दरवेळी निम्मे कमिट बाद करत जातं, त्यामुळे हजार कमिटमधला दोषी दहाएक फेऱ्यात सापडतो, शिका ते. रिलीजला चार दिवस राहिले होते. किल्ली बदलून दुरुस्त करायचा मोह झाला, पण मीच रिव्हर्ट टाकला, म्हणजे माझा बदल मागे घेतला, नीट फिक्स पुढच्या रिलीजला. त्या रिव्हर्टचं जेवढं कौतुक झालं तेवढं मूळ फीचरचं झालं नव्हतं, मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं, आता मी पण दुसऱ्यांच्या रिव्हर्टला तसंच लिहितो.

चौथ्या वर्षी रिव्ह्यू करायला लागलो. यासाठी मर्ज करायचा हक्क लागत नाही, कुणीही कुणाचाही पीआर उतरवून चालवून बघू शकतं आणि "माझ्याकडे चालवलं, हे हे तपासलं" असं लिहू शकतं. मेंटेनरसाठी हे सोन्यासारखं असतं. मर्जचा हक्क मला पाचव्या वर्षी मिळाला, न मागता.

हक्क द्यायला लोक वेळ का लावतात हे २०२४ च्या एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करायच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणानंतर सांगावं लागत नाही. एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं नीट कमिट पाठवून, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावून, रिलीजच्या फाइलींमधे मागचं दार, म्हणजे चोरून शिरायची वाट, बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. तेव्हापासून आमच्याकडे पण हक्क असलेल्या माणसाचा कमिट दुसऱ्याने बघितल्याशिवाय जात नाही. माझाही जात नाही.

कागदपत्रं, झटपट

नोकरी करत असाल तर कंपनीकडून ईमेलवर लेखी होकार घ्या, बऱ्याच करारांत तुम्ही लिहिलेलं सगळं कंपनीचं असतं. प्रोजेक्टचं लायसन्स एकदा वाचा. काही ठिकाणी सीएलए म्हणजे करार भरावा लागतो, काही ठिकाणी कमिटखाली "साइन्ड ऑफ बाय"ची ओळ पुरते, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही सांगता. एआयने लिहिलेला कोड पाठवण्याआधी नियम बघा, जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवाल्यांनी २०२४ मधेच त्याला मनाई केली, नेटबीएसडीत लेखी परवानगी असेल तरच चालतो. मनाई नसली तरी रिव्ह्यूमधे "ही ओळ का" विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

धुळ्याच्या त्या पोराला मी फोनवर एकच काम दिलं, की कॉलेजच्या प्रोजेक्टमधे जी लायब्ररी वापरलीस तिचे नाकारलेले वीस पीआर वाच आणि मग फोन कर. नऊ दिवसांनी फोन आला, रात्री साडेअकराला. म्हणे दादा, वीस नाही वाचले, बारा वाचले, पण त्यातला एक पीआर लेखकाने अर्धवट सोडलाय, मेंटेनरने नुसत्या टेस्ट मागितल्या होत्या, त्या मी लिहू का? मी म्हटलं आधी त्या लेखकाला तिथंच विचार, आठवडाभर थांब, आणि कमिटमधे त्याचं नाव सहलेखक म्हणून ठेव. आज सहावा दिवस आहे.